चोवीस तासांच्या आत

पोरीला आमच्या घरी पहिली जखम केली ती शेजारच्या मांजरीने. डाव्या मनगटावर दोन ओरखडे, एवढंसं रक्त. मी गरम पाण्याने धुतलं, हळद लावली, आणि मग मोबाइल घेऊन दोन फोटो काढले. एक जवळून, एक लांबून, चेहरा दिसेल असा. ताईंना पाठवले. खाली लिहिलं की सकाळी साडेआठला, ओटीवर, पिल्लाला उचलताना मांजरीने ओरबाडलं. सोबत कोण होतं? मी होते. मी काय करत होते? आत भाकरी थापत होते. म्हणजे मग सोबत होते की नव्हते? हे एवढं उत्तर लिहायला मला जखम धुण्यापेक्षा जास्त वेळ लागला. मांजरीची जबानी घ्यायची तेवढी राहिली.

नियमच तसा होता आणि तो आम्हाला आधी वाचून दाखवला होता. सरकारच्या भाषेत आम्ही प्रतिपालक कुटुंब. म्हणजे मूल आमचं नाही, दत्तक घेतलेलंही नाही, काही काळ सांभाळायला दिलेलं. निर्णय सगळे बालकल्याण समितीचे, आणि समितीच्या वतीने महिन्यातून एकदा घरी येणाऱ्या, फोनवर मात्र रोजच असणाऱ्या त्या ताई. पोरीच्या अंगावर काहीही नवीन दिसलं, खरचटलं, सुजलं, चावलं, भाजलं, तर चोवीस तासांच्या आत त्यांना कळवायचं. मारायचं नाही हे तर झालंच. पडूही द्यायचं नाही असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मी ते वाचलं होतं.

आम्ही पेणचे. आमचे हे रोह्याच्या बाजूला एका कंपनीत, शिफ्ट ड्यूटी. मी जोह्याला एका गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. आम्हाला मूल झालं नाही. त्यावर नातेवाइकांनी वीस वर्षं पुरेसं बोलून घेतलंय, मी भर घालत नाही. पोर आमच्याकडे आली तेव्हा पाच वर्षांची होती. निडीच्या आतल्या अंगाला एक वाडी आहे, तिथली. वडील गेलेले. आईला टीबी झाला, ती दवाखान्यात राहिली, मागे पोरीकडे बघणारं कोणी नव्हतं. आई पुढे बरी झाली, पण तरीही पोर परत गेली नाही, कारण तिच्या कागदांत एक ओळ होती. उजव्या टाचेवर चटका दिल्याची खूण. ती ओळ मला वाचून दाखवली तेव्हा माझं डोकंच फिरलं. पहिल्या दिवशी अंघोळ घालताना मी ती खूण बघितली, काळपट, चण्याएवढी. त्या बाईला मी मनातल्या मनात काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

मग तीन वर्षं मी कळवत राहिले. गुडघा, कोपर, ओठ, डास चावून खाजवलेली पोटरी, दाराच्या फटीत सापडलेलं बोट. दात पडला तेव्हा तो आपला आपण पडला, हेही कळवलं. एकदा ती कारखान्यात माझ्याजवळ बसली होती. गणपतीच्या अंगाचा गुलाबी रंग, त्यात त्या दिवशी लाल जरा जास्त पडलेला, तिच्या मानेला मागून लागला. संध्याकाळी ताईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांचा चेहरा बदललेला मी बघितला. "मानेला काय झालंय तिच्या?" मी ओल्या फडक्याने मान पुसून दाखवली. त्या हसल्या, मीही हसले. फोन ठेवला आणि मग डोक्यात आलं की आता विचारतील, मूल कामाच्या जागी काय करत होतं. दुसऱ्या दिवशी विचारलंच.

ताई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, चार शब्द बोलून मोकळी तरी झाले असते. त्या नीट विचारायच्या, नीट लिहून घ्यायच्या, पोरीसाठी चिक्की आणायच्या आणि मग तिला घेऊन आतल्या खोलीत दार लोटून पंधरा मिनिटं बसायच्या. ती पंधरा मिनिटं मी स्वयंपाकघरात भांडी न वाजवता उभी असायचे. नियम चुकीचा होता असंही मी म्हणणार नाही. ज्या घरात खरंच मारतात तिथल्या मुलाला त्या नियमाशिवाय कोणाचा आधार आहे? पण ते कळत असूनही छातीवरचं ओझं कमी होत नाही. शेजारणीच्या मुलाच्या दोन्ही गुडघ्यांवर बारा महिने खपल्या असतात. त्याला कोणी विचारत नाही, त्याच्या आईलाही नाही. मी तिच्याकडे बघून जळायचे. तिला आपल्या पोराला धपाटा घालता यायचा म्हणून नव्हे. तिचं पोर धडपडलं की ती आधी पोराकडे बघायची, घड्याळाकडे नाही.

माझा स्वभाव तसा तापट. पण त्या तीन वर्षांत मी घरात आवाज चढवला नाही, नवऱ्यावरसुद्धा नाही. हे म्हणायचे, पोरगी आल्यापासून मला सुख आलंय. त्यांना गंमत सुचत होती. मी मात्र जुने मेसेज वर सरकवून बघत बसायचे, की या महिन्यात किती झालं, मागच्या महिन्यात किती. एका आठवड्यात दोन झाले की पुढचे आठ दिवस पोरीला बांधावर जाऊ नको, पळू नको, पायरीवरून उडी मारू नको. आठ वर्षांच्या मुलीला मी पाटावर बसवून ठेवत होते. ती बसतही होती. तीच गोष्ट मला खटकायला हवी होती.

भाताची कापणी होऊन गेल्यानंतरचे दिवस. कारखान्याच्या मागे शेतं आहेत, बांधावर बाभळी. पोरगी दोन दिवस घरातही मोजे घालून हिंडत होती. मला वाटलं, थंडी. तिसऱ्या दिवशी ती चवड्यावर चालताना दिसली. मी मोजा काढला तर डावी टाच सुजून लाल, मधे काळा ठिपका. काटा आत मोडलेला.

"कधी लागला?"

"परवा."

"मग सांगितलं का नाहीस गो?"

ती खाली बघत म्हणाली, "तू फोटो काढशील. मग ते मला नेतील."

मी तिला पाटावर बसवलं, सुई गरम करून घेतली आणि काटा कोरून काढला. अर्धा निघाला, टोक आत राहिलं असं वाटलं. आणि मग माझ्या हातांनी पुढचं केलं. डब्यातला बिब्बा काढला, दाभणाला टोचला, गॅसच्या जाळावर धरला. बिब्ब्याचं तेल सुटून चरचरायला लागलं तसं ते तिच्या टाचेवर टेकवलं. माझ्या आईने माझ्या पायाला असंच केलं होतं, तिच्या आईने तिच्या. पायात काटा मोडला की बिब्बा, याच्यापुढे आमच्याकडे विचार जात नाही. पाय पिकत नाही म्हणतात. पोरगी एकदाच ओरडली. मी फुंकर घातली, गुळाचा खडा दिला. ती निमूट चघळत बसली.

अर्ध्या तासाने दाभण धुऊन ठेवताना माझ्या लक्षात आलं. मी या पोरीला भाजलं होतं. कुठल्याही कागदावर याला दुसरा शब्द नाही. आणि दुसऱ्या दिवशी बिब्बा उतला. टाचेवर पाण्याने भरलेला फोड आला, भोवती लाल चट्टा. मी तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी बघताक्षणी विचारलं, "बिब्बा?" मी मान हलवली. "आता तरी बंद करा हे," म्हणाले, काट्याचं टोक काढलं, इंजेक्शन दिलं, मलमपट्टी केली. त्यांना त्यात नवीन काही नव्हतं. आठवड्याला असे दोन पाय त्यांच्याकडे येत असतील.

हे पहिल्या शिफ्टवरून आले तेव्हा मी मोबाइल हातात धरून बसले होते. त्यांना सगळं सांगितलं.

"काटा लागला एवढंच लिही," ते म्हणाले. "काटा खराच आहे ना?"

"आणि फोड?"

"पट्टीखाली कोण बघतंय."

मी लिहिलं, टाचेत काटा मोडला, काढला, डॉक्टरांना दाखवलं, इंजेक्शन दिलं. एकही शब्द खोटा नव्हता. फोटो पाठवला तो पट्टीचा. तीन वर्षांत मी पहिल्यांदाच जखम झाकून फोटो काढला होता. ताईंनी लगेच उत्तर दिलं, काळजी घ्या. मला त्या दोन शब्दांची इतकी लाज वाटली की मी मोबाइल उशीखाली ठेवून दिला.

पण त्याच आठवड्यात शनिवार होता. महिन्यातल्या एका शनिवारी पोरीची तिच्या आईशी भेट असायची, रोह्याला, एका शाळेच्या रिकाम्या वर्गात, ताईंच्या देखत. आम्ही पेणहून गाडीने जायचो. तिची आई त्याच गाडीला निडीला चढायची, दुसऱ्या डब्यात. भेट फक्त ताईंसमोर करायची असल्याने आम्ही एकमेकींना ओळख दाखवत नसू. पोरगी खिडकीतून आईला चढताना बघायची आणि मग रोहा येईपर्यंत गप्प बसायची. मला तेव्हा हे बरोबर वाटत होतं, हे आज लिहिताना विचित्र वाटतं.

त्या बाईची एक सवय होती. ती खुर्चीवर बसायची नाही. जमिनीवर बसून पोरीचे पाय मांडीवर घ्यायची आणि तळव्यापासून वर सगळी पोरगी हाताने बघायची. मला त्याचा राग यायचा. चटके देणारी बाई माझ्या घरच्या पोरीला तपासते म्हणजे काय? त्या शनिवारी राग आला नाही. त्या शनिवारी मी जीव मुठीत धरून बसले होते. तिने पट्टी बघितली. हळूच सोडली.

"काटा मोडला व्हता काय गो?" तिने पोरीला विचारलं. मग माझ्याकडे बघून, अगदी घरच्यासारखं, "बिब्बा दिला ना, बाई? बरं केलं. नायतर पाय पिकला असता."

ताई बाजूलाच लिहीत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला. त्या शहरात वाढलेल्या. "बिब्बा म्हणजे?"

पोरीच्या आईने त्यांना समजावून सांगितलं. दाभण, जाळ, तेल, सगळं. मला अडकवायला नव्हे, तिला त्यात लपवण्यासारखं काही दिसतच नव्हतं. ताई उठून पोरीच्या पायाशी बसल्या, फोड बघितला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे भाजलेलं आहे. तुम्ही कळवलं नाही."

मी सगळं कबूल केलं. काहीही हातचं राखलं नाही. मला वाटलं, आज पोरगी माझ्याबरोबर पेणला येत नाही. पोरगी मधेच म्हणाली, "मावशीने नाय केलं. मीच केलं."

ताईंनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण फोन ठेवल्यावर त्यांचा आवाज खाली आला होता. त्या म्हणाल्या, "मला हे लिहावं लागेल. घरगुती उपचार, हेतू वाईट नाही, असं लिहीन. लेखी ताकीद मिळेल तुम्हाला. तीन वर्षं तुम्ही मला नखाएवढं काही झालं तरी कळवत आलात, म्हणून माझा विश्वास आहे. परत असं करू नका." त्या पुन्हा फोन करायला बाहेर व्हरांड्यात गेल्या. मी सुटले होते.

तेवढ्यात पोरीची आई सरकून माझ्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "उजव्या टाचंला मीच दिला व्हता, बाई. असाच काटा मोडला व्हता तिला. तवा कागद करनाऱ्या साहेबांना सांगितलं, बिब्बा हाय म्हणून. त्यांनी चटका लिवलं."

"मग नंतर कोणाला सांगितलं नाहीस?"

"दोनदा सांगितलं. माझं कोन ऐकतंय. आता आनखी बोलले तर म्हनतील, तुमचं बघून बिब्ब्याचं नाव उचललं हिनं." ती थांबली. "तुमचं ऐकतील. तुम्ही सांगा."

मी पोरीचा दुसरा पाय हातात घेतला. तीच जागा, तेवढीच खूण. तीन वर्षं मी त्या खुणेला रोज साबण लावत होते. घरात बिब्बा ठेवणारी बाई मी, मला ती ओळखता येऊ नये? पण कागदात चटका वाचला आणि मला चटकाच दिसला. साहेब बाहेरचे असतील, त्यांना काय ठाऊक. मी तर इथलीच होते.

"सांगते," मी म्हणाले.

आणि सांगितलं नाही. गाडीत बसल्याबसल्याच मला सगळं स्पष्ट दिसलं होतं. पोरीला परत पाठवण्याच्या आड फक्त ती एक ओळ होती. आई बरी झाली होती, वाडीवर तिची बहीण राहायला आली होती, शाळा जवळ होती. ती ओळ गेली की पोरगी गेली. मी बोलले तर पोरगी जाणार, आणि नाही बोलले तर रोज सकाळी तिची वेणी घालताना मला माहीत असणार की मी काय करतेय. मी वेणी घालत राहिले. मी स्वतःला म्हणाले, परीक्षा होऊ दे. मग म्हणाले, तिला खोकला झालाय, जाऊ दे थोडे दिवस. यांना मी काहीच बोलले नाही. त्यांनी लगेच सांग म्हटलं असतं तर? किंवा सांगू नको म्हटलं असतं तर? दोन्हीची मला भीती होती.

त्या दिवसांत मी जेवढं कळवलं तेवढं कधीच कळवलं नव्हतं. नख कापताना जरा आत गेलं, कळवलं. मुंगी चावली, कळवलं. ताईंनी एकदा लिहिलं, इतकं बारीक नाही कळवलं तरी चालेल. मी तरी पाठवतच होते.

पुढच्या महिन्यातल्या शनिवारी तिच्या आईने माझ्याकडे बघितलं, विचारलं काहीच नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातल्या शनिवारी जाताना दारात विचारलं, "बोललात काय, बाई?"

"चाललंय," मी म्हणाले.

तिने मान हलवली. तिला बहुतेक वाटलं, कागदाला वेळ लागतोच.

नंतर एका दुपारी पोरगी शाळेतून धावतच आली. कोपर खरचटलेलं. मी विचारायच्या आत तिने हात पुढे केला. "मावशी, फोटो काढ. घंटा झाली तेव्हा पडले, बाई होत्या तिथे. लवकर पाठव." मी म्हटलं, अगो थांब, आधी धुऊ तरी दे. तर ती म्हणाली, "आधी पाठव. मागच्या वेळी तू सांगितलं नव्हतंस म्हणून ताई तुला ओरडल्या ना? आता तू सगळं खरं सांगतेस, म्हणून ते मला नेणार नाहीत." तिने हे इतक्या खात्रीने सांगितलं की मला तिच्याकडे बघवेना. तिचं कोपर धुतलं, तिला खायला दिलं, आणि मागच्या दारी जाऊन ताईंना फोन लावला.

उजव्या टाचेची खूणही बिब्ब्याचीच आहे, हे सांगितलं. ताई म्हणाल्या, "हे लिहून द्याल?"

"देते."

"यानंतर काय होईल ते कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

डॉक्टरांनी उजवी टाच बघून चिठ्ठी दिली. समितीसमोर दोनदा जाऊन आलो. पोरगी मे महिन्यात निडीला उतरली, आईबरोबर, एकाच डब्यातून. जाताना तिने यांच्या गळ्याला मिठी मारली, माझ्या नाही. माझ्यावर ती रागावली होती. सगळं खरं सांगितलं की ते नेत नाहीत, असा तिचा हिशोब होता आणि तो मी मोडला होता. मी खिडकीशी बसून रडले, लोक बघत होते तरी रडले.

कारखान्यातल्या बायका म्हणतात, किती मोठं मन गो तुझं, दुसरीने तोंड उघडलं नसतं. मी ऐकून घेते. मोठं मन असतं तर त्याच शनिवारी व्हरांड्यात जाऊन बोलले असते. त्यानंतरचे दोन शनिवार तिची आई तासभर पोरीचे पाय मांडीवर घेऊन बसली आणि एकटीच निडीला उतरून गेली. त्या दोन्ही वेळी मी त्याच गाडीत होते. ताईंनी लिहून द्यायला जो कागद दिला होता, त्यात एक रकाना होता, ही गोष्ट तुम्हाला कधी कळली. तिथे मी फोन केला त्या दिवसाची तारीख घातली.